ब्रुसेल्समधले मतांचे गणित

युरोपीय संघाशी व्यापाराच्या बातम्यांत आयात शुल्काचे आकडे असतात. निर्णय कोण घेतो, हे क्वचितच कळते. लिस्बन करार 1 डिसेंबर 2009 रोजी लागू झाला आणि व्यापारविषयक कायदे करताना युरोपीय संसदेला मंत्री परिषदेच्या, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेच्या, बरोबरीचा अधिकार मिळाला. जुने नियम त्या चौकटीत बसवायला मात्र 2014 उजाडले! तेव्हा अँटी-डम्पिंग शुल्काचा (मायदेशातल्या भावापेक्षा स्वस्तात विकलेल्या आयात मालावरच्या जादा कराचा) अंतिम निर्णय परिषदेकडून युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेकडे, गेला. तो अडवायचा तर सदस्य देशांचे विशेष बहुमत (देशांची संख्या आणि लोकसंख्या दोन्ही धरून मोजलेले) विरोधात लागते, आणि ते जमवणे महाकठीण. त्यामुळे आपल्या पोलाद निर्यातदारांनी दोन-चार देशांच्या मंत्र्यांची मनधरणी करून भागणार नाही. आयोगाची प्रश्नावली मुदतीत भरून, उत्पादन खर्चाचे चोख हिशेब चौकशीतच मांडायला हवेत.

— एक वाचक, पुणे