जागलीतला अभ्यास

अमरावती,
२२ फेब्रुवारी

प्रिय दोस्ता,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज सकाळी ऐकला. मागे वारा, मधेच डबा बडवल्याचा आवाज, आणि तू म्हणतोस, "मनच लागत नाही बे. पुस्तक उघडलं की झोप येते, मिटलं की टेन्शन येतं." फोनवर उत्तर दिलं असतं तर तू नेहमीसारखा "हो हो, बरोबर आहे" म्हणाला असतास आणि पुढच्या मिनिटाला विसरला असतास. म्हणून कागद घेतला. तुझा मामेभाऊ उद्या सकाळच्या गाडीने दारव्ह्याला निघतोय, त्याच्या पिशवीत टाकतो. पत्र एकदा वाचून डब्यात ठेवू नकोस, दोनदा वाच.

बी.एस्सी.च्या परीक्षेसाठी तू आखलेल्या टाइमटेबलचा फोटोही पाहिला. चार रंगांचे पेन, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत खाने आखलेले, बारा तास अभ्यास. फार देखणा आहे, भिंतीवर लावायला हरकत नाही. पण त्यात तू कुठे आहेस? त्यात रानडुकरं हाकलायला रात्री वावरात करायची जागल नाही, ढोरांचं चारापाणी नाही, एसटीची वाट बघणं नाही, हरभऱ्याची सोंगणी नाही. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या एखाद्या पोराचा दिवस तू आपल्या गावात आणून बसवलास. पहिल्याच दिवशी तो मोडणार, दुसऱ्या दिवशी तू म्हणणार की आपल्याकडून काही होत नाही, आणि तिसऱ्या दिवशी मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघत बसणार. त्या व्हिडिओंबद्दल माझं मत तुला माहीत आहे. बघताना अंगात वीज संचारल्यासारखं होतं, आणि व्हिडिओ संपला की माणूस पुढचा व्हिडिओ लावतो.

मुळात मन लागलं की बसू, हा हिशेबच उलटा आहे. मन बसल्यावर लागतं, तेही पंधरावीस मिनिटं कंटाळा सोसल्यावर. त्यामुळे "आज मूड आहे का" हे स्वतःला विचारूच नकोस. कधी बसायचं, कुठे बसायचं आणि पहिलं पान कोणतं उघडायचं, एवढं आदल्या रात्री ठरलेलं असलं म्हणजे झालं. "उद्या केमिस्ट्री करतो" याला काही अर्थ नाही. "उद्या चहा झाला की ओसरीवर बसून स्पेक्ट्रोस्कोपीचे पहिले तीन प्रश्न" याला आहे.

आता खरा टाइमटेबल. तुम्ही बापलेक एक दिवसाआड जागलीला जाता ना? म्हणजे तुझे दिवस दोन जातीचे आहेत, त्यांना एकच टाइमटेबल चालणार नाही. जागल करून आलास की सकाळी नऊपर्यंत झोप, आणि त्याची लाज बाळगू नकोस. झोप मोडून वाचलेलं टिकत नाही. त्या दिवशी अडीच-तीन तास झाले तरी दिवस भरला समज. जागल नसेल त्या दिवशी साडेचारला उठ. पहाटेचे अडीच तास गावात कोणी हाक मारत नाही, त्यात सगळ्यात अवघड विषय घाल. संध्याकाळचे दीड-दोन तास आणखी मिळतील. लाईन गेली तर चार्जिंगचा बल्ब आहेच. मार्चच्या मध्यापर्यंत हरभरा निघाला की जागल संपेल, तेव्हा नवीन टाइमटेबल बनव. आत्तापासून मे महिन्यापर्यंतचं एकदम आखू नकोस.

आणि जो अंदाज करशील त्याला दीडपट धर. १९९४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. ही पोरं काही खोटारडी नव्हती. आपल्याकडचा मळणीयंत्रवाला "उद्या सकाळीच येतो" म्हणतो तेव्हा तोही मनापासूनच म्हणतो. पण तुझे बाबा त्याच्या शब्दावर मजूर सांगून ठेवत नाहीत, दोन दिवस मधे सोडतात. झूलॉजीचं एक युनिट चार दिवसांत होईल असं वाटलं, तर कागदावर सहा लिही. आठवड्यातला एक अख्खा दिवस कोरा सोड. तो राहिलेल्याचा दिवस. आपल्याकडे काहीतरी राहतंच. कोणाचं लग्न, कोणाची तेरवी, मोटरपंप जळाला, गाय व्याली.

जागलीवर पुस्तक नेतोस म्हणालास, तिथे मात्र माझा आक्षेप आहे. नेऊ नकोस. बॅटरीच्या उजेडात, मचाणावर, थंडीत कोणाच्या डोक्यात अक्षर शिरतं? आणि मान खाली घालून बसलास तर रोही, म्हणजे नीलगायी, अर्धं वावर साफ करून जातील. पण म्हणून रात्र फुकट जाऊ द्यायची असंही नाही. उलट मला वाटतं, तुझ्याजवळ शहरातल्या पोरांपाशी नसलेली एक चीज आहे: चार तास अंधार, आणि कोणी बोलायला नाही.

असं कर. निघायच्या आधी घरी उजेडात अर्धा तास एकच विषय नीट वाच. समज ग्लायकोलिसिस, म्हणजे पेशीत ग्लुकोज फुटून ऊर्जा निघते ती साखळी. मग पुस्तक घरीच ठेव आणि एका चिठ्ठीवर फक्त चार-पाच शब्द लिहून खिशात टाक. वावरात एक चक्कर मारलीस, डबा वाजवलास, की मचाणावर यायच्या आधी धुऱ्यावरून चालताना मोठ्याने बोलायला लाग. ग्लुकोजपासून सुरुवात. पहिली पायरी कोणती, कोणतं एन्झाइम, एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, कुठे खर्च झाला. तिसऱ्या पायरीवर फॉस्फोफ्रक्टोकायनेज, तिथे दुसरा एटीपी गेला. पुढे सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीनचे दोन तुकडे. १० पायऱ्या करत पायरुवेटपर्यंत ये. शेवटी हिशेब कर: २ एटीपी घातले, ४ निघाले, निव्वळ २ उरले, आणि २ एनएडीएच वेगळे. सातव्या पायरीवर अडकलास तर अडकू दे. थोडं डोकं खाजव, नाहीच आठवलं तर "सात" एवढं लक्षात ठेव आणि पुढे जा. सकाळी उठल्यावर पुस्तकात आधी ती सातवी पायरी बघ, तिथे तोंड धुवायचीही घाई करू नकोस. ती पायरी मग परीक्षेत विसरायची म्हटलंस तरी विसरणार नाहीस. आणि मोठ्याने बोलायला लाजू नकोस. ऐकायला रानडुकरंच आहेत, त्यांना बायोकेमिस्ट्री कळत नाही आणि माणसाच्या आवाजाने ती बिचकतात, म्हणजे जागलही होते.

हे मी हवेत सोडत नाहीये. इथे मला बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्र आहे, त्या निमित्ताने वाचनात आलं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. गंमत बघ, वाचणाऱ्याला त्या वेळी वाटतं की आपलं पक्कं झालं. तुझंही तेच होतं. नोट्स चौथ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि पेपरात प्रश्न दिसला की तोंड ओळखीचं, नाव आठवत नाही.

एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने तर १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेल्यापैकी बराचसा भाग पहिल्या दिवसातच उडतो, मग गळती मंदावते. तो निरर्थक अक्षरं पाठ करायचा. अर्थ समजलेलं इतक्या लवकर पुसलं जात नाही, पण जातंच. म्हणून दुसऱ्या दिवशी एक नजर, आणि आठवड्याने आणखी एक. आठवड्याच्या नजरेसाठी बाजाराचा दिवस धर. त्या दिवशी नवीन काही उघडायचं नाही, फक्त सात दिवसांतलं वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर न बघता लिहायचं. वार लक्षात ठेवायची कटकट नाही, काकू पिशवी घेऊन निघाल्या की कळेलच.

कॉलेज सुटल्यावर गाडी येईपर्यंत स्टँडवर दीड तास उभा असतोस, त्याचंही काही कर. ग्रंथालयात मागच्या पेपरांची फाईल असते, ती माग. पाच वर्षांचे पेपर समोर ठेवलेस की कोणता प्रश्न फिरूनफिरून येतो ते गाईडशिवाय कळतं. ग्रंथालय बंद असेल तर मोतीबागच्या स्टेशनाकडे जा. शकुंतला ही छोटी रेल्वे बंद आहे, गर्दी नाही, सावली आहे. एवढी शांतता दारव्ह्यात दुसरीकडे मिळायची नाही. गावात मात्र देवळाजवळ बसू नकोस. सप्ताह बसला की भोंगा पहाटे चारलाच सुरू होतो, आणि तिथे भांडून उपयोग नाही. त्या सात दिवसांपुरतं वावरातल्या कोठ्यात बस्तान हलव.

पेपर दुपारचा आला तर? एप्रिलच्या शेवटी पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, वर्गातला पंखा गरम हवा फिरवतोय, घामाने पान हाताला चिकटतंय. याची सवय पहाटे अभ्यास करून होत नाही. एप्रिल लागला की आठवड्यातून एकदा दुपारी, कूलर न लावता, घड्याळ समोर ठेवून पूर्ण पेपर लिही. हाताखाली रुमाल ठेव, नाहीतर शाई फिसकटते. पहिल्यांदा शेवटचा प्रश्न राहील. राहू दे, तो आत्ता राहिलेला बरा.

१४ एप्रिलला कॉलेजात सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होईल. जरूर बस. बाबासाहेबांना वाहिलेली यापेक्षा चांगली आदरांजली मला सुचत नाही, आणि शंभर पोरं मान खाली घालून वाचताहेत हे दृश्य एकदा अनुभवण्यासारखं आहे. पण दुसऱ्या दिवशी "मी काल अठरा तास केला" म्हणून लोळत पडू नकोस. १५ तारखेचे तुझे तीन तास मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

मेसेजच्या शेवटी तू विचारलंस, "डिग्री घेऊन तरी काय उजेड पडणार?" त्यावर मी गोड बोलणार नाही. नुसत्या बी.एस्सी.वर कोणी नोकरी घेऊन दारात उभं राहत नाही, हे दोघांनाही दिसतंय. कापसाच्या भावावर घर कसं चालतं तेही दिसतंय. पण हा कागद हातात नसेल तर तलाठ्याचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही, राज्यसेवेचं तर सोडच. बी.एड.ला यायचं असेल तर पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. म्हणजे नुसतं पास होऊन भागत नाही, टक्का बघावा लागतो. तुला मास्तर व्हायचं नाही, शेतीच करायची आहे, तर तेही चांगलं. पण ते दार तू स्वतः लावून घे, टक्का कमी पडला म्हणून लागायला नको.

फोनचं काय करायचं ते तुला सांगायला नको. रील्स बघताना दीड तास कसा जातो हे मलाही माहीत आहे. अभ्यासाला बसताना तो काकूंच्या हवाली कर आणि त्यांना सांग, मी मागितला तरी देऊ नको. त्या देणार नाहीत, मी खात्रीने सांगतो.

मी पुढच्या रविवारी गावी येतोय. तोपर्यंत ग्लायकोलिसिस आणि स्पेक्ट्रोस्कोपीचे तीन प्रश्न न बघता लिहून ठेव, फुलस्केपवर, पेपरात लिहितो तसं. मी लाल पेन घेऊन येतो. खोटा मार्क देणार नाही. काका-काकूंना नमस्कार सांग, आणि हरभऱ्याचे घाटे चांगले भरले असतील तर होळा भाजून खायला थोडे राखून ठेव.

तुझाच,
जुना बेंचमेट

ता. क. परीक्षेचा फॉर्म भरलास का? बॅकलॉगच्या विषयाचा वेगळा भरावा लागतो, तो विसरशील. ऑफिसात जाऊन पावती घे आणि तिचा फोटो मला पाठव. विलंब शुल्कात गेलेले पैसे मला ऐकायचे नाहीत.