‘कृत्रिम सूर्या’तून उष्णता गळते, त्याचे काय?

महोदय,

सूर्याप्रमाणे अणुकेंद्रांच्या संमीलनातून ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या चीनच्या ‘ईस्ट’ यंत्राने जानेवारी २०२५ मध्ये प्लाझ्मा (चुंबकीय क्षेत्रात कोंडलेला अतितप्त, विद्युतभारित वायू) १,०६६ सेकंद टिकवला, तेव्हा ‘कृत्रिम सूर्या’च्या बातम्यांत नेहमीप्रमाणे कोटी अंशांचे तापमान आणि सेकंद हे दोनच आकडे होते. परंतु प्लाझ्मा किती वेळ टिकला आणि त्यात ओतलेली उष्णता किती वेळ टिकली, हे वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर आजच्या यंत्रांत फार तर सेकंदाच्या आसपास येते. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय संमीलन प्रकल्पाकडूनही साडेतीन-चार सेकंदांचीच अपेक्षा आहे.

ही गळती मुख्यतः प्लाझ्मातील खळबळीमुळे होते. आधणाच्या तळाचे तापलेले पाणी जसे उसळत वर येते, तसे गाभा आणि कडा यांच्या तापमानातील तीव्र फरकामुळे बारीक भोवरे उठतात आणि उष्णता बाहेर वाहून नेतात. सिम्युलेशन करताना चुंबकीय रेषांभोवतीच्या कणांच्या वेगवान गिरक्यांची सरासरी घेऊन सहा चलांची (तीन स्थानाची, तीन वेगाची) पाच केली जातात, आणि तरीही महासंगणकांची दमछाक होते.

अशा गणिताचे वजन किती असते, ते १९९६ मध्ये दिसले. टेक्सास विद्यापीठाचे विल्यम डॉरलँड व मायकेल कोट्शेनरॉयटर यांनी, खळबळीमुळे ‘इटर’ ठरलेल्या क्षमतेच्या बराच खाली राहील, असे भाकीत केले आणि वादळ उठले. अमेरिका पुढे प्रकल्पातून बाहेर पडली (त्यामागे पैशाचा प्रश्नही होताच) आणि २००३ मध्ये परतली. दरम्यान १,५०० मेगावॅटचा आराखडा ५०० मेगावॅटवर आला. २००० मध्ये अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या अँड्रिस डिमिट्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, खळबळीतूनच जन्मणारे आडवे प्रवाह भोवऱ्यांना कापून काढतात आणि आधीच्या प्रतिमानात गळती फुगवली गेली होती. म्हणजे भाकीत चुकले, पण प्रश्न अचूक होता. १९८२ मध्ये जर्मनीतील गार्चिंग येथे फ्रिट्झ वॅग्नर यांना सापडलेली, उष्णता सुमारे दुप्पट वेळ धरून ठेवणारी अवस्था केव्हा व का सुरू होते, हे केवळ मूळ समीकरणांवरून खात्रीने सांगणे आजही जमलेले नाही.

भारत २००५ पासून ‘इटर’चा सदस्य आहे. हजिऱ्यात घडलेल्या ३,८५० टनांच्या क्रायोस्टॅटचे (यंत्राला वेढणाऱ्या निर्वात कवचाचे) कौतुक आपण छापले, ते योग्यच. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालणाऱ्या या गणितालाही कधी जागा मिळावी. निदान पुढच्या विक्रमाच्या बातमीत तापमानाशेजारी उष्णता टिकल्याचा काळ छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे