काकू, तुमच्या खाड्याच्या वहीसाठी

ती. काकू, सा. न. वि. वि.

प्रबंध बांधून आला तेव्हा चार पानं उलटून तुम्ही विचारलंत, "यात मी कुठंय गं?" मी गप्प बसले. तुमचं नाव घातलं असतं तर सदाशिव पेठेतली मेस कळली असती, आणि मेस कळली की पोरं कळली असती. म्हणून ऋणनिर्देशात तुम्ही नाही. ते इथं भरून काढतेय, तेही नाव न घेताच.

एम.ए.ला माझा विषय बालपण आणि तारुण्य, त्यात स्पर्धा परीक्षेची मुलं. तरुण म्हणायचं कुणाला, इथूनच घोळ. 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणात 15 ते 29, संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत 15 ते 24, आणि राज्यसेवेला खुल्या गटातून 38 पर्यंत बसता येतं. म्हणजे बत्तिशीतला गडी धोरणातून बाहेर, परीक्षेत आत, आणि तुमच्या लेखी 'पोरगं'च. (मला तुमचीच व्याख्या पटली, पण तिला संदर्भ कुठला देणार?)

मुलाखतींत सगळे एकच बोलायचे, "चाललाय अभ्यास, यंदा होईल." दोन महिने मी तेच उतरवून काढत होते. मग एकदा पोळ्या लाटता लाटता तुम्ही म्हणालात, "वही बघ. पण ज्याचं पान त्याला आधी विचार." दोघं नको म्हणाले. त्यांच्या पानांना तुम्ही टाचण्या मारल्यात आणि मगच वही हातात दिलीत. संमती म्हणजे काय ते मला छापील अर्जावरून इतकं कळलं नव्हतं.

लाल कापडी वही. नावांऐवजी गावं: जत, भूम, मुखेड. खाड्याला फुली. निकालानंतरच्या आठवड्यात फुल्यांची रांगच. 11 मार्च 2021 च्या रकान्यात तुम्ही नुसतं 'खिचडी उरली' लिहिलंय. महाशिवरात्र होती, तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुढं ढकलल्याचं कळलं आणि पोरं शास्त्री रस्त्यावर जाऊन बसली.

पण मी अडले ते भूमच्या पानावर. दोन वेळचा डबा मधूनच एक वेळचा झालेला, पुढं सात महिने तसाच. त्यानं मुलाखतीत यातलं अक्षरही काढलं नव्हतं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "सोयाबीन गेलं त्यांचं." आणि त्या सात महिन्यांत त्याच्या डब्यात चाराच्या सहा पोळ्या जात होत्या, हे वहीत कुठंच नाही. तेवढं मला मदतनीस मावशींनी सांगितलं.

माझं तिसरं प्रकरण त्या पानावरून उभं राहिलं. परीक्षकांनी विचारलं, ही पद्धत सुचली कशी? मी म्हटलं, जेवता जेवता.

येत्या शनिवार-रविवारी माझा खाडा धरा. गावी चाललेय. तीन दिवसांच्या आतला खाडा तुम्ही धरत नाही, ठाऊक आहे. तरी सांगून ठेवते.

तुमची,
कोपऱ्यातल्या टेबलावरची