अंबाडीच्या जुड्या घेऊन येतोय

सोलापूर,
संक्रांतीचा आठवडा

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत होतो, धड ऐकू येत नव्हतं. पोरीचं हिमोग्लोबिन नऊवर आलंय, गोळ्या सुरू केल्यात आणि वहिनी रोज पालकाचं सूप देतात, एवढं मात्र कळलं. रात्री झोप लागेना. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच झालं होतं, आणि आम्ही जे चुकलो ते तुम्ही चुकू नये असं फार वाटतं.

हिचं तेव्हा साडेआठ आलं होतं. गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून आम्ही कुणाला न विचारता त्या बंद केल्या आणि सगळी भिस्त पालकावर ठेवली. मी रोज सकाळी लक्ष्मी मंडईतून ताजी जुडी आणायचो. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर आकडा जागच्या जागी. आहारतज्ज्ञ बाईंनी एवढंच विचारलं, "जेवल्यावर चहा किती वेळानं घेता?" आपल्याकडे ताट उचलायच्या आत कप येतो, तुला सांगायला नको.

चहातलं टॅनिन भाजीतल्या लोहाला धरून ठेवतं, ते रक्तापर्यंत फारसं पोचू देत नाही. जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी चहा-कॉफी नको. उलट ताटात लिंबाची फोड, पेरू, आवळा असं काही असलं की त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे तेच लोह जास्त अंगी लागतं. लिंबू भाजी गॅसवर असताना पिळू नका, ताटात पिळा. उष्णतेनं 'क' जीवनसत्त्व जातं.

आता पालकाचा हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम पालकात लोह 3 मिलिग्रॅमच्या आतच आहे. बाईमाणसाला दिवसाला लागतं 29 मिलिग्रॅम, हा 2020चा आपल्याकडचा आकडा. शिवाय पालेभाजीतलं लोह सगळं शोषलं जात नाही. नऊवर आलेलं हिमोग्लोबिन नुसत्या सूपनं वर चढणार नाही रे. गोळ्या अजिबात बंद करू नका. मळमळलं तर डॉक्टरांना सांगा, ते वेळ किंवा गोळी बदलून देतील. आम्ही ते केलं नाही आणि हिचे दोन महिने फुकट गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग भाजी कशाला, असं म्हणू नकोस. फोलेट, 'अ' जीवनसत्त्व होणारं कॅरोटिन, चोथा हे सगळं तिच्यातच आहे, आणि फोलेटशिवाय रक्ताच्या पेशी नीट तयार होत नाहीत. फक्त रोज पालकच का? भोगीला आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी खातो, त्या बाजरीत लोह पालकापेक्षा जास्त. शेवग्याच्या पाल्यात 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. पालकातही कॅल्शियम आहे, पण त्यातलं ऑक्झलेट ते बांधून ठेवतं, अंगी लागतं फारच थोडं. तुला मुतखडा होऊन गेलाय, तेव्हा त्या सूपची वाटी तू तरी रोज संपवू नकोस. मेथी चालेल.

निवडण्याचं वहिनींना सांग. त्या आधी चिरतात आणि मग चाळणीत धरून नळाखाली धुतात, मी मागच्या खेपेला पाहिलंय. चिरल्यावर धुतलं की फोलेट आणि 'क' जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. आई कशी करायची आठवतं? मोठ्या पातेल्यात अख्खी पानं बुडवायची, हातानं हलवायची आणि पानं वर उचलून घ्यायची. पातेलं कधी उपडं करायची नाही, कारण काळी माती तळाशी बसलेली असते, ओतलं की ती पुन्हा पानांवर येते. तीन पाणी झाली की तळाशी बोट फिरवून बघायची. कचकच लागली तर चौथं. चिरायची अगदी फोडणीच्या वेळी.

हरभऱ्याचे शेंडे मात्र ती धूत नसे, आंब जाते म्हणून. आता फवारणीचं काही खरं नाही. मी धुतो, आणि आंबटपणासाठी वरून लिंबू पिळतो.

पोरीला पालेभाजी आवडत नाही म्हणतोस, तर अंबाडी करून बघा. इथे कन्नड घरांत तिला पुंडी म्हणतात, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत गोंगुरा. पानं वाफवायची, ज्वारीच्या कण्या आणि थोडी तूरडाळ शिजवून त्यात घोटायची, वरून ठेचलेल्या लसणाची फोडणी. लसूण बदामी झाला की लगेच ओतायचा, काळा पडला की भाजी कडवट होते. तेलात हात फार आखडू नका. कॅरोटिन तेलाशिवाय शोषलं जात नाही, आणि आपण भाजीत दाण्याचा कूट घालतो तो त्यासाठीही चांगला. लोखंडी कढई मेथी-शेपूला वापरा, थोडं लोह तिच्यातूनही उतरतं. पण अंबाडीला स्टीलचंच पातेलं हवं, लोखंडात ती काळी होते आणि तोंडाला लोखंडाची चव येते.

करडईची कोवळी भाजी आता शेतातून येते, काटे धरायच्या आत खुडलेली. ती तुमच्याकडे मिळणार नाही.

रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतोय. करडई आणि अंबाडीच्या दोन-दोन जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणतो. कण्या इथल्या गिरणीतूनच भरडून घेतो. वहिनींना म्हणावं, त्या दिवशी स्वयंपाकघर माझ्याकडे, आणि जेवणानंतर चहा तासाभरानं.

तुझा,
अण्णा