मूर्खपणा ओळखायचा कसा

नाशिक

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसात कोण मूर्ख आणि कोण शहाणा हे लवकर कसं ओळखायचं, असं तू विचारलंस. फोनवर सांगून भागण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. आधी स्वतःचं, मग लोकांचं. उलट क्रमाने गेलीस तर लोकांचं ओळखण्यातच दमशील आणि स्वतःकडे कधी वळणारच नाहीस.

आपल्या टाकळीला तप केलेल्या समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं पहिल्या समासात सांगितली आणि पढतमूर्खासाठी दहावा समास वेगळा काढला. शिकल्याने मूर्खपणा जातोच असं नाही, एवढं त्यावरूनही कळतं. (ते समास वाचताना प्रत्येकाला शेजारीच आठवतात, ही गंमत वेगळी.) अडाणीपणा मात्र यात धरू नकोस. ‘मला माहीत नाही’ म्हणणाऱ्याला शिकवता येतं. विरुद्ध पुरावा समोर असताना जो त्याला हिशेबातच घेत नाही, त्याच्यापाशी अडचण आहे.

कांद्याचं घे. समज, उन्हाळ कांदा १०० क्विंटल आहे आणि लासलगावला आज भाव क्विंटलला १,५०० रुपये आहे, म्हणजे दीड लाख. ‘भाव वाढेल’ म्हणून कांदाचाळीत ठेवला आणि चार-पाच महिन्यांत सड, मोड आणि वजनातली घट धरून २५ क्विंटल गेला, तर उरलेला ७५ क्विंटल २,००० ने विकला तरच तेच दीड लाख हाती येतात. निवडाईची मजुरी त्यातूनच जाणार. थांबणं यात चूक नाही. पुष्कळांना थांबून चांगला भाव मिळतो. पण २,००० हा आकडा न काढता थांबणं, आणि कोणत्या तारखेला किंवा कोणत्या भावाला माघार घ्यायची हे न ठरवणं, हा मूर्खपणा. आणि भाव वाढून फायदा झाला तरी तो मूर्खपणाच राहतो. हेच लोकांना पटत नाही. निकाल चांगला लागला की निर्णयही चांगलाच होता असं आपण धरून चालतो.

म्हणून वही ठेव. प्रत्येक मोठ्या निर्णयाला चार ओळी: तारीख, काय ठरवलं, काय होईल असं वाटतं आणि त्याची खात्री किती टक्के, आणि काय दिसलं तर मी चुकले असं मानेन. चौथी ओळ लोक गाळतात, आणि सगळा जीव तिच्यातच आहे. ती आधी लिहिली नाही तर नंतर मन सोयीचा अर्थ लावून मोकळं होतं. खात्रीला गुण देण्याची एक रीत ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी मांडली होती, तीच सोप्या रूपात वापर. ९० टक्के लिहून अंदाज चुकला तर दंड ०.९ चा वर्ग, म्हणजे ०.८१. ६० टक्के लिहून चुकला तर ०.३६. ९० लिहून खरा ठरला तर फक्त उरलेल्या ०.१ चा वर्ग, म्हणजे ०.०१. वीसेक नोंदी झाल्या की सरासरी काढ. प्रत्येक वेळी डोळे झाकून ५० लिहिलं तरी दंड ०.२५ येतो, तुझी सरासरी त्याहून जास्त आली, तर त्या विषयात तुझ्या खात्रीपेक्षा नाणं उडवलेलं बरं.

डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या अभ्यासात सर्वांत कमी गुण मिळवणारा गट सरासरीने शंभरातल्या १२ जणांच्या पुढे होता, पण त्यांना वाटत होतं ६२ जणांच्या पुढे आहोत. व्हॉट्सॲपवर त्यांच्या नावाने फिरणारा ‘मूर्खपणाचा डोंगर’ असलेला आलेख त्या निबंधात नाहीच. दुसऱ्यांना मूर्ख ठरवायला तो आलेख पाठवणाऱ्यांनी मूळ निबंध उघडलेला नसतो, याची मला दर वेळी मजा वाटते.

आता इतरांचं. एका चुकीवरून कुणावर शिक्का मारू नकोस; घाई, भूक आणि भीती यांत भले भले फसतात. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यातच नाही, तरी प्राध्यापक आणि डॉक्टर त्यात पैसे गमावतात, कारण पोलीस असल्याचं सांगणारा फोनवरचा माणूस त्यांना विचार करायला आणि दुसऱ्याशी बोलायला वेळच देत नाही. (तसा फोन आला तर कापायचा आणि १९३० ला कळवायचं.) निवांतपणी, कुणी ऐकत नसताना, एकच प्रश्न विचार: ‘काय झालं तर तुमचं मत बदलेल?’ शहाणा माणूस जरा थांबून काहीतरी ठोस सांगतो. दुसरा चिडतो किंवा विषय बदलतो. चारचौघांत हा प्रश्न विचारलास तर उत्तराचा उपयोग नाही, तिथे शहाणाही अब्रू सांभाळतो.

लबाड आणि मूर्ख यांची गल्लतही करू नकोस. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देऊन, पुढच्या उधारीवर उचलून पळणारा द्राक्षाचा व्यापारी लबाड आहे. त्याचा फायदा कशात आहे ते कळतं, म्हणून तो काय करील याचा अंदाज बांधता येतो. इटलीचे अर्थेतिहासकार कार्लो चिपोला मूर्खाची व्याख्या अशी करत: स्वतःचा काही लाभ नसताना, प्रसंगी तोटा सोसून, दुसऱ्याचं नुकसान करणारा. त्याच्या वागण्याला हिशेबच नसतो, त्यामुळे सावध राहायचं कुठे तेच कळत नाही. अशा माणसाशी वाद घालू नकोस, हसून बोल, चहा पी. फक्त पैसा, सही आणि गाडीची किल्ली यांत त्याच्याशी गुंतू नकोस.

तुझ्या सहकाऱ्याला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन हवाय म्हणालीस. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याच्याकडून वसुली करून पाहिल्याशिवायही संस्था थेट तुझ्याकडे येऊ शकते. ‘नुसती सही तर आहे’ असं तो म्हणाला असेल तर त्याने कागद वाचलेला नाही. त्याला रक्कम, हप्ता, मुदत आणि दुसरा जामीनदार कोण, हे विचार. हप्ता थकला तर काय करणार, हेही विचार. उत्तरं आणि कागदाचा फोटो मला पाठव, मग बोलू. तोवर सही नको.

तुझी,
आई