मॅक्रो बिघडला तुमचा, नोटीस मात्र मला!

मा. मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

काल शाळा सुटता सुटता माझ्या हाती कारणे दाखवा नोटीस पडली. कर्मचाऱ्यांची सेवाविषयक माहिती आपल्या खात्याच्या एक्सेल फाइलमध्ये मुदतीत भरली नाही, तेव्हा एक वेतनवाढ का रोखू नये, याचा खुलासा मागितला आहे. तो मी मुख्याध्यापकांमार्फत रीतसर देईनच. पण मागच्या वर्षी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात ‘ही फाइलच आता बंद, पुढच्या वेळी सगळं ऑनलाइन’ असा शब्द आपण दिला होता. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि चारचौघांत.

फाइल तीच आली, नावातलं वर्ष तेवढं बदललं. उघडली की वर लाल पट्टी: मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लपवलेले, बटण दाबलं की काम करणारे छोटे प्रोग्रॅम, अडवले आहेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलचे मॅक्रो २०२२ पासून एक्सेल आपणहून बंद ठेवतं. उपाय अर्ध्या मिनिटाचा: फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’वर टिक. आपल्या लांबलचक सूचनापत्रात ही ओळ नाही. हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणतो, “मॅडम, सेटिंगमधून सगळेच मॅक्रो चालू करून टाका.” ज्या पर्यायापुढे एक्सेल स्वतःच ‘शिफारस नाही’ असं लिहितं, तोच! या संगणकावर अख्ख्या शाळेचे आधार क्रमांक आणि बँक खाती आहेत. उद्या एखाद्या ईमेलमधून व्हायरस शिरला तर नोटीस पुन्हा मलाच ना?

पट्टी घालवली, तर ‘कंपाइल एरर इन हिडन मॉड्यूल’. म्हणजे आतला कोड चालतच नाही. आमचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस (ज्यात एक्सेल येतं) ६४ बिटचं आहे, जुनं ३२ बिटचं नव्हे. २०१९ पासून नवीन बसवलं की सहसा तेच बसतं. मॅक्रोच्या जुन्या कोडमधल्या ‘डिक्लेअर’च्या (विंडोजची मदत मागणाऱ्या) ओळींत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घातल्याशिवाय ६४ बिटवर तो चालत नाही, आणि ही सोय ऑफिस २०१० पासून आहे. इतकी वर्षं कुणाला सवड झाली नाही? मीच घातला असता, पण कोडला पासवर्ड! तो ना हेल्पलाइनकडे, ना वरच्या कार्यालयाकडे. फाइल बनवणाऱ्या एजन्सीचं कंत्राट म्हणे संपलं.

शेवटी शेजारच्या शाळेतल्या जुन्या संगणकावर ती चालली. तिथे तारखेची मांडणी अमेरिकी, महिना आधी. १३/०६/१९९८ टाकली तर एक्सेल तिला तारीखच मानत नाही आणि बटण दाबलं की एरर १३, ‘टाइप मिसमॅच’. ही चूक परवडली, निदान दिसते तरी. ०५/०६/१९९८ मात्र गुपचूप ६ मे होते. ५ जूनला रुजू झालेला शिपाई कागदावर महिनाभर आधी लागतो, आणि सेवाज्येष्ठतेत त्याच्या पुढे असलेला मागे पडतो. कोर्टात फेऱ्या मारणार तो बिचारा. आणि आपला मराठी संदेश पडद्यावर येतो तो असा: ‘????? ??? ??????’. मॅक्रोच्या त्या चौकटीला देवनागरी झेपत नाही, हे फाइल एकदा कुणी चालवून पाहिली असती तरी कळलं असतं.

पण चालवून बघतो कोण? रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर आदेश टाकायचा, ‘आजच माहिती सादर करावी, विलंब झाल्यास जबाबदारी निश्चित केली जाईल’, की झालं काम. जबाबदारी कायम खालच्या टोकालाच निश्चित होते. लिपिकाचं दुसरं पद आमच्याकडे रिकामं आहे, भरतीचं नाव नाही. ताप अंगावर काढून मी त्या फाइलपुढे बसले, मुलाच्या परीक्षेत त्याच्याजवळ नव्हते. जिल्ह्यात माझ्यासारख्या पाचशे जणांना तरी अशा नोटिसा गेल्या असतील. एजन्सीला एक तरी गेली का?

या सगळ्या नोटिसा मागे घ्या. कोडचा पासवर्ड जिल्ह्याच्या कार्यालयात द्या. फाइल ६४ बिटवर, भारतीय तारखा टाकून, एखाद्या खेड्यातल्या शाळेत आधी चालवून दाखवा. तोवर साध्या तक्त्यात, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी दिलेली माहिती स्वीकारा. ती माझ्याकडे मुदतीच्या आधीपासून तयार आहे.

आपली,
एका अनुदानित शाळेतील कनिष्ठ लिपिक