उसाच्या फडातल्या बाईपर्यंत संरक्षण अधिकारी पोचू द्या

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य

महोदया,

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पुढचे पाच-सहा महिने तिथली बाई कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या फडात असते. मारणारा नवराही सोबतच असतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, या जोडीवर मिळते, पण टोळी जमवणाऱ्या मुकादमाशी बोलणी नवरा करतो आणि पैसाही त्याच्याच हातात पडतो. मार सोसवेना म्हणून बाई माहेरी निघाली तर कोयता मोडतो, उचल फिटलेली नसते, आणि मुकादम वसुलीला दारात येतो. पोलीस ठाण्यात जायचं तर त्या दिवसाचा खाडा धरतात, म्हणजे पैसे कापतात. मार खाल्ला तिनं, दंडही तिच्याच कमाईतून. कोपीतलं, म्हणजे फडावरच्या झोपडीतलं, रडणं शेजारच्या कोपीत ऐकू जातं. तरी मध्ये कुणी पडत नाही, कारण टोळीतलं एक जोडपं गेलं तर त्यांच्या वाटणीचा ऊस बाकीच्यांनाच तोडावा लागतो.

कायद्यात या बाईचा विचार केलेला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याचं कलम २७ सांगतं की बाई तात्पुरती जिथं राहते किंवा काम करते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही तिला दाद मागता येते. म्हणजे बीडमधल्या केजची बाई कोल्हापूरच्या शिरोळमध्ये अर्ज करू शकते. तो करायला मदत करायची संरक्षण अधिकाऱ्यानं. पण हा अधिकारी कोण, कुठं बसतो, हे कोपीत कुणाला सांगितलंय? मुकादमानं किंवा ड्रायव्हरनं छेड काढली तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याला स्थानिक समिती आहे, तालुक्याला नोडल अधिकारी आहे, त्यानं सात दिवसांत तक्रार समितीकडे पाठवायची आहे. त्याचंही नाव फडात पोचत नाही.

म्हणून मागणी अशी, की हंगामापुरता तरी प्रत्येक कारखान्याच्या क्षेत्रासाठी दुसऱ्या कामाचा भार नसलेला संरक्षण अधिकारी नेमा. त्यानं फडांवर संध्याकाळी जावं, दिवसा बाया उसात असतात. त्याचा फोन नंबर कारखान्याच्या गेटवर आणि वजनकाट्यापाशी लावा. हिंसाचार झालेल्या बायांना मदत करणारं सखी केंद्र जिल्ह्याच्या गावी असतं, तिथवर लेकरांसह नेणारी गाडी रात्रीही मिळायला हवी. ठाणं, दवाखाना, कोर्ट यासाठी गेलेल्या दिवसाचा खाडा बंद व्हावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उचलीतला बाईचा वाटा तिच्या नावावर वेगळा लिहिला जावा. नवऱ्यानं घेतलेल्या पैशासाठी तिला मारकुट्याजवळ राहावं लागतं, ही वेठबिगारी आहे आणि सरकारनं ती तशीच मानली पाहिजे.

कारखाने आपल्या खात्याखाली येत नाहीत, हे मला माहीत आहे. सहकारमंत्री, कामगारमंत्री आणि साखर आयुक्तांना एकत्र बसवा, ऊसतोड बायांनाही त्या बैठकीत बोलवा. बैठक सप्टेंबरातच घ्या. टोळ्या एकदा गाव सोडून गेल्या की या बायांना गाठणं अवघड होतं.

आपली,
ऊसतोड बायांसोबत काम करणारी एक कार्यकर्ती, बीड